जैतुनभाभींचा कच्चा हात

जैतुनभाभी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी धार लावायच्या चाकावर बसल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी कात्री कामातून घालवली. मेरठची दहा इंची कात्री होती, वडिलांनी घेतलेली. कापड कापायचं सोडून ती कापड चावायला लागली. मी शिंपी माणूस, माझं पोट कात्रीवर. शेजारच्या दुकानात जाऊन मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाभींनी सगळं ऐकून घेतलं, कात्री परत घेतली आणि म्हणाल्या, मास्तर, दुसरीकडे नेऊ नका, मी बिघडवली ती मीच नीट करीन. ती नीट व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर मी भाच्याची कात्री मागून आणली आणि रोज एकदा तरी मनातल्या मनात भाभींना शिव्या घातल्या.

चौक मंडईच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आणि बद्रुद्दीन शिकलगारांचं दुकान यांच्यामध्ये फळ्यांची एकच भिंत होती. शिकलगार म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या धार लावणारं घर. भद्रकालीतले न्हावी, कसाई, खानावळवाले सगळे बद्रुभाईंकडे यायचे. ऑक्टोबरच्या छाटणीआधी दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांच्या कात्र्या पोत्यात भरून यायच्या, लासलगावकडून कांदा कापायचे विळे यायचे. चाक लाख आणि कुरुंद दगडाच्या भुकटीचं, पायाने फिरवायचं. मोटर बसवा म्हणून मी किती वेळा सांगितलं, पण मोटर लोखंड खाते असं म्हणून ते विषय संपवायचे. माणूस कारागीर होता आणि ते त्याला पुरेपूर माहीत होतं.

चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरात त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालावं लागे आणि जीभ जड झाली. दोन मुली, एक मालेगावला दिलेली, एक येवल्याला. पुतण्या ओझरच्या कारखान्यात लागलेला, त्याला चाकाकडे बघायचीही इच्छा नव्हती. तीन आठवडे दुकान बंद राहिलं. बद्रुभाई घरात भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, खाणंपिणं सुटलं होतं. एके सकाळी भाभी किल्ली घेऊन आल्या, कुलूप काढलं, दुकान झाडलं आणि रिक्षातून नवऱ्याला आणून स्टुलावर बसवलं. मी विचारलं, हे काय आणि? तर म्हणाल्या, "घरात ठेवले तर सहा महिन्यांत जातील हे. दुकान चालू राहिलं तर त्यांना बसायला जागा राहील. चाक मी चालवते."

त्या घरातली कुठलीच बाई तोवर चाकावर बसलेली नव्हती. भाभींनी पदर कमरेला खोचला, पायटा दाबला आणि चाक उलटं फिरलं. गल्लीतले चार रिकामटेकडे बघायला जमले होते, ते हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

धार लावणं लांबून बघायला सोपं वाटतं. पाय सारख्या लयीत चालायला हवा आणि हात एका कोनात थांबायला हवा. भाभींचा पाय नीट चालला की हात डगमगे, हात स्थिर केला की पाय विसरे. बद्रुभाई स्टुलावरून जड जिभेने सांगत राहायचे: दाबू नको, पाण्यात बुडव, टोक उचल. हे तीन बोल मी फळीपलीकडून वर्षभर इतके ऐकले की माझ्या शिलाई मशीनवरही मला ते ऐकू यायचे. आपसांत ती दोघं हिंदीत बोलत, आमच्याशी मराठीत. मी सगळं मराठीतच सांगतो.

नवशिक्याला ठिणग्या आवडतात. ठिणग्या उडाल्या की काम होतंय असं वाटतं, गिऱ्हाईकही खूश होतं. भाभी जोर लावून दाबायच्या, ठिणग्यांचा झोत पडायचा आणि पातं तापून निळं व्हायचं. पातं एकदा निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं. मग कितीही धार लावा, दोन दिवसांत बोथट. पेठकडची चतुराबाई नावाची एक मुकादम बाई होती, बागांच्या कामाला डोंगरातल्या बायका घेऊन यायची. तिने अकरा विळे धारेला टाकले. त्यांतले चार भाभींनी निळे केले. पंधरा दिवसांनी चतुराबाई ते चार विळे घेऊन परत आली. मला वाटलं आता तमाशा होणार. पण ती बाई उंबऱ्यावर बसली, भाभींचं काम जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "लय दाबते तू, बाय. रागावलीस का त्याच्यावर?"

त्या दिवसापासून भाभींनी दाबणं कमी केलं. खरं सांगायचं तर त्या रागावलेल्याच होत्या. नवऱ्यावर, चाकावर, बघणाऱ्या गल्लीवर. आणि राग धरायलाही अंगात जोर लागतो, तो हळूहळू संपत आला.

शहाण्णवच्या पावसाळ्यापर्यंत त्यांचा हात बसला. धार बघायची ती अंगठ्याच्या नखावर. पातं तिरकं टेकवून अलगद ओढायचं, नखाला धरलं तर धार आहे, घसरलं तर नाही. भाभींच्या डाव्या अंगठ्याचं नख बारीक रेघांनी भरून गेलं होतं. बोटांच्या चिरांत काळं पाणी कायमचं मुरलं होतं, संध्याकाळी मूठ मिटत नसे. एकदा मला म्हणाल्या, भाकरी थापताना हात आपोआप कोन धरतो, पीठ एका बाजूला जाडच राहतं. माझी मेरठची कात्री त्यांनी त्याच सुमारास परत दिली. मलमलीचा तुकडा मधोमध कापून बघितला. वडिलांच्या काळातही ती अशी चालली नसेल. पण मी त्यांना तसं म्हणालो नाही. ठीक आहे, एवढंच म्हणालो. हे आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते.

आता मूळ गोष्ट. शिकलगारांच्या घरात एक रीत होती. चाकावर कोणीही काम करो, पण दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पात्यावर शेवटचा हात उस्तादाचा. म्हणजे चाकावरून उतरलेलं पातं तेलाच्या पथरीवर दहा-बारा वेळा फिरवायचं, उलटून पुन्हा फिरवायचं. चाकावर धारेच्या पलीकडे एक बारीक कोर वळते, ती पथरीने निघते आणि धार खरी उघडते. बद्रुभाईंच्या वडिलांनी शेवटचा हात बद्रुभाईंना बाविसाव्या वर्षी दिला होता. गिऱ्हाईकही विचारून घ्यायचं, उस्तादाचा हात लागला का? लागला म्हटलं की माणूस निर्धास्त.

लकव्यानंतर दोन वर्षं पथरीही भाभीच फिरवत होत्या आणि लोकांनी नाइलाजाने ते चालवून घेतलं होतं. बद्रुभाईंचा उजवा हात सत्त्याण्णव साली थोडा उठायला लागला आणि त्यांनी पथरी मागितली. मांडीवर ओलं फडकं, त्यावर पथरी, आणि भाभींनी तयार केलेलं एकेक पातं ते त्यावर फिरवू लागले. चेहऱ्यावर रंग आला. गिऱ्हाइकांशी बोलू लागले, जुन्या गोष्टी सांगू लागले. गल्लीला वाटलं, चला, उस्ताद परत आला.

तेव्हापासून मला एका गोष्टीचा ताप सुरू झाला. पूर्वी अर्ध्या तासात मिळणारी कात्री आता तीन वाजल्यानंतर मिळायची. सकाळी नऊला द्या नाहीतर अकराला, भाभींचं उत्तर ठरलेलं: तीननंतर या. बद्रुभाई एकला मशिदीत जायचे ते तीनपर्यंत यायचे नाहीत, हेही माझ्या लक्षात आलं होतं, पण मी या दोन गोष्टींचा संबंध लावला नव्हता. लग्नसराईत एकदा माझा धीर सुटला. दोन वाजता तावातावाने गेलो, तर सकाळी तयार झालेली माझी कात्री भाभी पुन्हा चाकावर घेत होत्या.

मी भडकलो. दोनदा घासून माझी कात्री झिजवता काय, असं काहीतरी बोललो. भाभींनी चाक न थांबवता सांगितलं, मास्तर, हळू बोला. मग त्यांनी आपल्या खणातून एक चाकू काढून माझ्या नखावर टेकवला. घसरला. हा चाकू सकाळी मी नीट केला होता, त्या म्हणाल्या, मग यांचा हात फिरला. हात थरथरतो, कोन राहत नाही, धार गोल होते. म्हणून हे मशिदीत गेले की सगळं पहिल्यापासून करते.

"मग त्यांना सांगत का नाही?" मी विचारलं.

"पथरी काढून घेतली तर पुन्हा भिंतीकडे तोंड करतील," भाभी म्हणाल्या.

म्हणजे दिवसाला तीस पाती असली तर भाभी साठ करत होत्या. आणि नजर चुकून एखादं पातं बिघडलेलंच बाहेर गेलं तर बोल त्यांच्यावर. उस्तादाचा हात चुकणं शक्य नाही, तेव्हा बाईचाच हात कच्चा. बद्रुभाई स्वतःही गिऱ्हाइकाला समजावायचे, शिकतेय अजून, सांभाळून घ्या. हे मी ऐकत होतो आणि गप्प बसत होतो. माझ्या कात्रीचं पोलाद दुप्पट वेगाने झिजत होतं, त्याबद्दलही मी गप्प होतो. भाभी मात्र दिसेनाशा होत चालल्या होत्या. गालफडं बसली, खांदा एका बाजूला उतरला. कोणी बोललं तर दोन शब्दांनंतर त्यांचं लक्ष उडायचं. मी विचारलं बरं नाही का, तर म्हणाल्या, बरं आहे, झोप पुरत नाही.

नव्याण्णव सालची बकरी ईद मार्चअखेर आली. ईदच्या आधीचा आठवडा म्हणजे शिकलगारांची दिवाळी म्हणा. कसायांचे सुरे तर असतातच, पण घराघरांतून कुर्बानीचे सुरे येतात. कुर्बानीच्या सुऱ्याला तसूभरही खाच चालत नाही, जनावराला त्रास झाला तर करणाऱ्याला पाप लागतं असं मानतात. त्या आठवड्यात दुकानापुढे रांग होती आणि रांगेपुढे बद्रुभाई पथरी घेऊन बसले होते. लोक सलाम करत होते, तब्येत विचारत होते. बद्रुभाई एकला उठायचे, जवळच्याच मशिदीत नमाज पढून पंधरा मिनिटांत परत. तीनपर्यंतची मोकळीक राहिली नाही. भाभी सुरा तयार करायच्या, बद्रुभाई हात फिरवायचे आणि गिऱ्हाईक तो तसाच घेऊन जायचं. भाभींच्या हातात काही उरलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी फळीच्या फटीतून पाहिलं, तर त्या प्रत्येक जाणाऱ्या सुऱ्याकडे बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी फरहान आला. हा भद्रकालीतला तरुण कसाई, बापामागे दुकान सांभाळणारा, बोलायला अदबशीर. आदल्या दिवशी इथूनच नेलेले तीन सुरे त्याने बद्रुभाईंपुढे ठेवले. रांगेत पंधरा-वीस माणसं होती.

"चाचा, तुमच्या हाताबद्दल मी काही म्हणत नाही," फरहान म्हणाला, "पण चाचीचा हात अजून कच्चाच आहे. हे सुरे घसरतात. असल्या सुऱ्याने मी कुर्बानी कशी करू? माझे बाकीचे सत्तावीस मी द्वारका चौकातल्या मोटरवर धार लावणाऱ्याकडे नेतो, राग मानू नका."

फरहान गेला की त्याच्यामागे सगळे कसाई जाणार, हे रांगेतल्या प्रत्येकाला कळत होतं. बद्रुभाईंनी सुरे हातात घेतले, उलटसुलट केले आणि खाली बघत म्हणाले, "शिकतेय अजून."

चाक थांबलं. पातं अर्धवट असताना भाभींनी चाक थांबवलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्या उठल्या, बद्रुभाईंच्या हातातून तीन सुरे घेतले, फरहानला म्हणाल्या, उद्या सकाळपर्यंत थांब, उद्या नाही पटलं तर ने. फरहानने मान हलवली. भाभी पुन्हा बसल्या आणि चाक सुरू झालं.

संध्याकाळी रांग संपल्यावर त्यांनी दुकानाची अर्धी फळी लावून घेतली. मी दिवा लावून काजं करत बसलो होतो. ऐकायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

भाभी म्हणाल्या, "चार वर्षं झाली. मी अजून शिकतेच आहे?"

बद्रुभाई म्हणाले, "लोकांपुढे दुसरं काय सांगणार होतो?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे."

"डावा अंगठा धड आहे माझा," बद्रुभाई म्हणाले. "तुझ्या हातून येतो तेव्हा सुरा नखाला धरतो. पथरीवरून काढला की घसरतो. पहिल्या दिवसापासून कळतंय. तू दुपारी सगळं पुन्हा करतेस तेही ठाऊक होतं, म्हणून तर मशिदीच्या ओट्यावर तीन वाजेपर्यंत बसून राहायचो. उन्हात, थंडीत, तुला वेळ मिळावा म्हणून. या आठवड्यात लोक मला बघायला येतात, मला तिथे बसून राहवेना."

माझ्या हातातली सुई थांबली. मला वाटलं होतं हा माणूस भोळा आहे. दोघंही एकमेकांना फसवत होते आणि दोघंही त्यापायी झिजत होते. मला बद्रुभाईंचा संताप आला आणि त्याच वेळी त्यांची कीवही आली. कुठलं आधी आलं ते सांगता येणार नाही.

"मग सोडली का नाही पथरी?" भाभींनी विचारलं.

"सोडून काय करू? सांग ना. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी काय करू?"

भाभींचा आवाज चढला नाही. चढवायला त्यांच्यात काही शिल्लक नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही तुम्ही काय करायचं. आतापर्यंत तेही मीच शोधून दिलं. मी एकच काम दोनदा करते आणि वर कच्ची म्हणवून घेते. मी थकले आहे. रडायलाही कंटाळा येतो मला आता. तुम्ही जगावं म्हणून दुकान उघडलं, ते बरोबर केलं, पुन्हा करीन. पण उद्याचे सुरे मी दोनदा करणार नाही."

थोड्या वेळाने फळी पूर्ण लागली, कुलपाचा आवाज आला आणि बद्रुभाईंचा ओढत चाललेला पाय गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला. भाभींनी त्यांचा हात धरला होता की नाही ते मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर दुकान उघडलं. भाभी चाकावर होत्या. बद्रुभाई स्टुलावर, पण मांडी मोकळी, पथरी कुठे दिसत नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेले, उजवा थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नव्हता. त्या तीन सुऱ्यांशेजारी आणखी आठ-दहा तयार होऊन फडक्यावर मांडलेले होते. रांग लागली. फरहान आला.

बद्रुभाईंनी डाव्या हाताने पहिला सुरा उचलून त्याला दिला. जिभेची अडचण असूनही त्यांनी एकेक शब्द सुटा करून, रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं सांगितलं, "घे. याला माझा हात लागलेला नाही. सगळं हिच्या हातचं आहे. आधीचे मी बिघडवले होते."

शिकलगाराच्या दुकानातून उस्तादाचा हात न लागता काही बाहेर जात नाही हे रांगेतल्या म्हाताऱ्यांना पाठ होतं. फरहानने सुरा नखावर टेकवला. दुसरा बघितला, तिसरा बघितला. मग तो बद्रुभाईंकडे बघायचं टाळून भाभींना म्हणाला, "चाची, बाकीचे सत्तावीस दुपारी आणून टाकतो."

भाभींनी मान डोलावली. त्या हसतील, निदान वर बघतील म्हणून मी वाट बघत उभा होतो. त्यांनी हातातलं पातं पाण्यात बुडवलं आणि पुढचं उचललं. रांग खूप मोठी होती.

ईद झाली. दुकान तिसऱ्या दिवशी उघडलं. मी कात्री घेऊन दुपारी दीडला गेलो, कारण आता तीनची अट राहिली नव्हती. चाक बंद होतं. चाकामागे पोत्यावर भाभी कुशीवर झोपल्या होत्या, काळे हात उशाशी घेऊन, तोंड किंचित उघडं. भर दुपारी, रस्त्याकडे पाठ करून, दुकान सताड उघडं असताना. सकाळचं सगळं काम एकदाच करून झालं होतं. बद्रुभाईंनी स्टूल ओढत उंबऱ्यापर्यंत आणलं होतं आणि आत येणाऱ्याला आडवा होईल असा डावा पाय पसरला होता. माझ्याआधी आलेला एक खानावळवाला बाहेर उभा होता.

मी तोंड उघडणार तोच बद्रुभाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"कारागीर झोपलीय," ते कुजबुजले. "बसा, मास्तर."

मी कात्री मांडीवर घेऊन पायरीवर बसलो.